बाजू आणि पक्ष : ख्रिस्ती श्रद्धेच्या राजकीय बांधिलकीविषयी

१

बाबासाहेबांची काही भाषणे आपल्या तोंडी बसलेली आहेत, तर काहींच्या वाटेला आपण सहसा जात नाही. १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे त्यांनी केलेले भाषण या दुसऱ्या प्रकारातले आहे. 'जनता' पत्राच्या ५ फेब्रुवारी १९३८ च्या अंकात त्याचा वृत्तान्त आला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार याकडे सर्वांचेच लक्ष लागले होते, आणि सोलापूरच्या श्रोत्यांना त्यांच्या तोंडून ख्रिस्ती धर्माविषयी चार चांगले शब्द ऐकण्याची आस असणार. तसे शब्द त्यांनी ऐकवलेही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असे त्यांनी सांगितले. आमच्या मंडळ्यांमधून भाषणाचा हा भाग आवर्जून सांगितला जातो. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही.

पुढचा भाग तक्रारीचा आहे. त्याचा आशय असा : तुमचा समाज शिकलेला आहे, तुमच्यात मॅट्रिक झालेली मुलेमुली शेकड्यांनी आहेत. आम्ही अस्पृश्य अडाणी, पण आम्ही चळवळीत आहोत, म्हणून कायदेमंडळात आमच्या पंधरा जागा आहेत. तुमची मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की तो आपल्या संसारात गुंततो. समाजावरच्या अन्यायाशी त्याला कर्तव्य उरत नाही. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, त्याचे दारिद्र्य मात्र होते तसेच राहते. यावर तुमच्यातल्या शिकलेल्यांनी कधी आवाज उठवला नाही. आणि मिशनऱ्यांना वाटते, माणसाला बाप्तिस्मा दिला की आपले कर्तव्य संपले.

हे भाषण नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. बाबासाहेब येथे ख्रिस्ती धर्मसिद्धान्तावर बोलत नाहीत. ते एका सवयीवर बोट ठेवतात. राजकारणापासून दूर राहणे ही ख्रिस्ती समाजाला सात्त्विकता वाटत होती. बाबासाहेबांना तीत एका सुस्थिर होत चाललेल्या वर्गाची बेफिकिरी दिसली.

त्या वेळचा संदर्भही लक्षात घेतला पाहिजे. १९३७ च्या मुंबई विधानसभेत एकूण १७५ जागा होत्या. त्यांपैकी १५ अस्पृश्यांसाठी आणि ३ देशी ख्रिस्त्यांसाठी राखीव होत्या. म्हणजे ख्रिस्त्यांना राजकारणात पाऊल ठेवायला जागाच नव्हती असे नाही. दुसरे असे की, याच जानेवारीच्या १० तारखेला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात नुसते महार नव्हते, कुणबीही होते. सोलापूरचे भाषण या मोर्चाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. तसे वाचले तर 'राजकारणात या' या आवाहनाचा अर्थ 'आपल्या जमातीच्या सवलती मागा' एवढाच उरत नाही. पिळल्या जाणाऱ्याच्या बाजूला या, असा तो अर्थ आहे.

प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणायचे आहे. श्रद्धेने ख्रिस्ती माणसाची बाजू ठरवून दिलेली आहे, पक्ष ठरवून दिलेला नाही. आमच्या समाजाने नेमके उलटे केले. बाजू घेण्याचे टाळले आणि कुठला तरी पक्ष धरून ठेवला.

२

असे का झाले? बाबासाहेबांनीच याची मीमांसा अन्यत्र केली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्त्याच्या अवस्थेवर एक निबंध आहे. त्यातला युक्तिवाद आम्हा ख्रिस्त्यांना झोंबणारा आहे. अस्पृश्याला शिकवले जाते की माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले. मग त्याच्या दु:खाचे मूळ समाजव्यवस्थेत शोधण्याची गरजच उरत नाही. हिंदू धर्माने त्याला पूर्वजन्मीचे कर्म सांगितले, मिशनऱ्याने आदामाचे पाप सांगितले. महारवाड्यातल्या माणसाला दोन्हीकडून एकच उत्तर मिळाले : दोष तुझ्यातच आहे.

पापाची जाणीव खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी उपासनेला जाणारा माणूस आहे. पण पाप केवळ काळजात असते आणि सातबाऱ्यावर नसते, पाणवठ्यावर नसते, हे कोणी ठरवले? पवित्र शास्त्रात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने दिला नाही. ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करून ठार केले, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. तेथे एलीया संदेष्टा त्याला आडवा गेला. मराठी पवित्र शास्त्रात या मळ्याला 'वतन' म्हटले आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी महारकीच्या वतनापायी गावाची वेठ केली, त्यांच्या कानाला हा शब्द दुहेरी वाजतो. नाबोथाचे वतन हा त्याचा हक्क होता, आमचे वतन ही आमची बेडी होती. पण जमिनीच्या तुकड्यापायी खोटी साक्ष आणि मुडदा, हा भाग आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. असे असता लहानपणापासून ऐकलेल्या प्रवचनांत मी ही गोष्ट 'लोभ धरू नये' या बोधासाठीच ऐकली. राजा, न्यायसभा, साक्षीदार, जमीन हे सगळे गळून गेले आणि उरला फक्त लोभ.

दुसरे कारण प्रतिनिधित्वाचे आहे. ख्रिस्ती समाजाच्या वतीने बोलले कोण? गोलमेज परिषदेत पहिल्या खेपेस के. टी. पॉल आणि दुसऱ्या खेपेस डॉ. एस. के. दत्त यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. रोमन कॅथलिक प्रतिनिधी पन्नीरसेल्वम यांनी मात्र १९३१ च्या अल्पसंख्याकांच्या करारावर बाबासाहेबांबरोबर सही केली. पॉल आणि दत्त यांच्या राष्ट्रनिष्ठेबद्दल आणि श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पुढे १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत धर्माधारित राखीव जागा सोडून देण्याचे ठरले, तेव्हाही हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती नेत्यानेच पुढाकार घेतला. ही त्यागाची परंपरा म्हणून सांगितली जाते. पण ज्याच्यापाशी शिक्षण, नोकरी आणि प्रतिष्ठा आहे त्याचा त्याग, आणि नगर जिल्ह्यातल्या भूमिहीन ख्रिस्ती महाराच्या नावाने त्याला न विचारता केलेला त्याग, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींतून अहिंदूंना वगळले, तेव्हा या माणसाच्या हाती ख्रिस्ती म्हणून काही उरले नव्हते आणि महार म्हणूनही नव्हते.

मराठी साहित्यातही हेच घडले. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई ही नावे येतात. बाबा पदमनजी कासार समाजातले, बाकीची तिघे ब्राह्मण. त्यांचे मोठेपण कमी करण्याचा हेतू नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळ्यात वाढलेली एक बाई आपली विटाळाची कल्पना कशी सोडते, याचे जे प्रांजळ चित्रण आहे ते मराठीत दुर्मीळ आहे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, 'देवाचा दरबार' काढला, ख्रिस्ताला परदेशी पोशाखातून बाहेर आणले. पण त्यांच्यापुढचा प्रश्न 'ख्रिस्त स्वदेशी कसा होईल' हा होता. ज्यांच्यामुळे नगरच्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांगांचा प्रश्न 'आम्ही या देशात माणूस कसे होऊ' हा होता. हा दुसरा प्रश्न विचारणारा आवाज त्या साहित्यात जवळजवळ नाही. समाजाचे दु:ख ज्या साहित्यात येत नाही, त्या समाजाचे राजकारणही मुके राहते.

३

मग ख्रिस्ती परंपरेत बाजू घेणारे कोणी नव्हतेच काय? होते. आम्हीच त्यांना मागे टाकले आहे.

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. ब्राह्मणी धर्माला आणि पेशवाईतल्या जुलमाला ती जाब विचारत होती, आमचा धर्म कोणता असे विचारत होती. हिंदू धर्मावर टीका छापण्यात मिशनचा स्वार्थ होता, असे कोणी म्हणेल. असेल. पण दलित मुलीचे स्वतःचे शब्द स्वतःच्या नावाने छापून आले ते त्या पानावर, हे नाकारता येत नाही. पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त जोतीरावांनी ख्रिस्ताकडे बळीराजाच्या रूपात पाहिले. बाप्तिस्मा न घेतलेल्या या माळ्याला येशूच्या ठायी शूद्रातिशूद्रांचा कैवारी दिसला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या पुष्कळांना तो दिसला नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचेच आहे. पुण्याच्या राजकारणात ख्रिस्ती माणूस प्रथम गाजला तो चहाच्या पेल्यावरून. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशींनी ते प्रकरण चव्हाट्यावर मांडले आणि रानडे-टिळकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. या वादात सर्वजण बोलले. बोलला नाही तो ख्रिस्ती. तो केवळ विटाळाचे निमित्त होता.

याच पुण्यात तीन वर्षांनी शारदासदनाचे प्रकरण पेटले. मुलींना बाटवले जाते म्हणून 'केसरी'ने रमाबाईंवर झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. शहर विरोधात गेलेल्या बाईने सरकारच्या आश्रयाला जावे, हेच सोयीचे होते. राज्यकर्ते तर तिच्या धर्माचे. पण १८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि तपासणीच्या नि छावण्यांच्या नावाखाली बायकांचे हाल सुरू झाले, तेव्हा रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या वाताहतीबद्दल सरकारला दोष दिला. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप नाकारले, त्या मागे हटल्या नाहीत. ज्या 'केसरी'ने त्यांना झोडपले होते, त्यानेही त्या काळात प्लेगच्या अंमलबजावणीवर कोरडे ओढले. दोघांचा पक्ष एक नव्हता, कधीच होणार नव्हता. पण अन्याय एक होता आणि त्या क्षणापुरती बाजू एक होती.

रमाबाईंच्या या वागण्यात ख्रिस्ती राजकारणाचा नमुना आहे असे मला वाटते. राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, आणि विरोधक आपला वैरी आहे म्हणून त्याच्या तोंडचे खरे खोटे ठरवले नाही. छावणीतल्या बाईचे काय झाले, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

४

आता पक्षाकडे वळू. आमच्यातले भाविक लोक येशूपुढे आणलेल्या नाण्याची गोष्ट सांगतात. कैसराचा वाटा वेगळा, देवाचा वेगळा, म्हणून राजकारण कैसरावर सोडावे असे ते म्हणतात. पण नाण्यावर कैसराचा छाप आहे तसा माणसावर देवाचा छाप आहे, असे शास्त्रच सांगते. मग माणूस कैसराला कसा देता येईल? कर द्यावा, माणूस देऊ नये, असाच त्या उत्तराचा रोख आहे.

येशूच्या बारा शिष्यांत जकातदार मत्तय होता आणि शिमोन जिलोतही होता. एकजण रोमी सत्तेसाठी पैसा गोळा करणारा, दुसऱ्याचे नाव त्या सत्तेच्या कट्टर विरोधकांशी जोडलेले. दोघे एका पंगतीला बसले. याचा अर्थ त्यांनी राजकारण सोडले असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. मला दिसतो तो असा : आपापल्या गोटाची शेवटची निष्ठा दोघांना सोडावी लागली. जकातनाक्याची बाजूही शेवटची नव्हे आणि खंजिराचीही नव्हे.

यावरून तीन वाटा चुकीच्या ठरतात. अलिप्ततेची वाट चूक, कारण मत न देणाऱ्याचे मतही बलवानाच्या पेटीत पडते. आश्रयाची वाट चूक. स्वातंत्र्यानंतर बराच काळ ख्रिस्ती मत म्हणजे काँग्रेसचे मत असे गृहीत धरले गेले. गृहीत धरलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हा रिपब्लिकन राजकारणाचाही अनुभव आहे. आणि ख्रिस्ती नावाचा वेगळा पक्ष काढण्याची वाटही चूक, कारण तो अखेर संस्था, इमारती आणि जमिनी सांभाळणाऱ्यांचा पक्ष होईल.

राहते ती वाट अशी : पक्षात जावे, काम करावे, पदही घ्यावे, पण पक्षाला आपली श्रद्धा गहाण टाकू नये. आणीबाणीच्या काळात केरळातील मार्थोमा चर्चचे मेट्रोपॉलिटन युहानोन मार्थोमा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना विरोधाचे पत्र लिहिले. एम. एम. थॉमस यांनीही लेखणी थांबवली नाही. मोठमोठ्या चर्चसंस्था तेव्हा गप्प होत्या. अल्पसंख्याकाला सत्तेची मर्जी राखावी लागते ही अडचण त्यांनाही होतीच. पण मर्जीवर मिळालेली सुरक्षितता मर्जी फिरली की जाते.

५

हे सगळे ज्या कसोटीवर घासून पाहायचे ती कसोटी माझ्याच जिल्ह्यात आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मिशनचे काम १८३१ पासून आहे. या जिल्ह्याइतके ख्रिस्ती वातावरण मराठी मुलखात थोड्याच ठिकाणी असेल. याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली, २०१४ साली खर्ड्यात एका शाळकरी मुलाची. दोन्ही ठिकाणी सवर्ण मुलीशी संबंधाचा संशय हेच निमित्त. खर्ड्यानंतरच्या रविवारी मी गावी उपासनेला होतो. प्रार्थनेत पावसाचा उल्लेख झाला, आजाऱ्यांचा झाला, परीक्षेला बसलेल्यांचा झाला. त्या मुलाचा झाला नाही. त्याच वर्षी निवडणुकीच्या सुमारास मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या हिताचा विचार करून मतदान करावे, अशी सूचना त्याच व्यासपीठावरून वाचली गेली. म्हणजे राजकारण मंडळीत येत नाही असे नाही. ते इमारतीच्या दाराने येते, महारवाड्याच्या दाराने येत नाही.

आमच्या गावी महारवाड्याच्या एका टोकाला चर्च आहे आणि दुसऱ्या टोकाला विहार. आडनाव एक, भावकी एक, घराची भिंतसुद्धा सामायिक. गावाच्या लेखी दोघांत काही फरक नाही. गाव दोघांनाही त्याच नावाने ओळखते. फरक आहे तो सरकारच्या लेखी. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच वर्षी कॉलेजात गेलो. त्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळाला, मला मिळाला नाही. दोघांचे वडील एकाच फडावर ऊस तोडत. सोलापूरला बाबासाहेब जे बोलले ते सत्तर वर्षांनी आमच्या घरात जसेच्या तसे घडले.

१९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. १९८५ साली सूसै या मद्रासच्या ख्रिस्ती चर्मकाराचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला गेला. या प्रश्नावर ख्रिस्त्यांनी लढावे हे उघड आहे. पण लढा एवढ्यापुरताच राहिला तर तो सवलतीचा लढा होईल, श्रद्धेचा होणार नाही. ज्या मंडळीत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक आजही सहज जुळत नाही, तिने सरकारकडे जातिअंताची भाषा बोलताना आधी आपल्या पंगतीकडे पाहावे.

आणि या अंकाच्या वाचकांपैकी जे बौद्ध आहेत त्यांनाही एक विचारायचे आहे. १९९० नंतर भिंतीपलीकडच्या भावकीसाठी आपण काय केले? वाटेकरी वाढले की वाटा कमी होईल, ही भीती खोटी नाही. ती उघडपणे बोलली पाहिजे, आणि संख्येबरोबर हिस्साही वाढवून मागितला पाहिजे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने धर्माच्या नावावर पिळल्या जाणाऱ्यालाही दलित म्हटले होते. ती व्याख्या आपणच केली होती. तिच्यातून भिंतीपलीकडचा भाऊ आपण केव्हा वगळला, हे आठवून पाहावे.

बाबासाहेबांनी अखेर बुद्धाचा मार्ग घेतला. आमचे वाडवडील त्याआधीच ख्रिस्ताच्या मार्गाने गेले होते. कोणता मार्ग थोर हा वाद मला येथे घालायचा नाही. सोलापूरच्या सभेत विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि तो आमच्या देवाविषयी नसून आमच्याविषयी आहे. त्याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या कचेरीत मिळणार नाही. पुढच्या खेपेस जिल्ह्यात कुठे असे काही घडेल, तेव्हा येणाऱ्या रविवारी प्रार्थनेत त्या मुलाचे नाव उच्चारले जाते की नाही, आणि उपासना संपल्यावर मंडळी त्याच्या घराकडे चालू लागते की आपापल्या घरी जाते, यावरून ते कळेल.